आईस हॉकी जगभर पोहोचवायची तर काय लागतं? स्टार खेळाडू, ऑलिम्पिक की गल्लीतलं बर्फाचं मैदान?

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. पण कॅनडात कुणाला 'हॉकी' म्हणालात तर त्याच्या डोळ्यांसमोर गवत येत नाही, बर्फ येतो. तिथे हॉकी म्हणजे आईस हॉकीच. आपल्या हॉकीला ते 'फील्ड हॉकी' म्हणतात.

या आईस हॉकीची जगातली सगळ्यात श्रीमंत लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल. खेळ जबरदस्त वेगवान, मारामारीही भरपूर, खेळाडूंना पगार कोट्यवधी डॉलर्सचे. तरीही फुटबॉल, क्रिकेट किंवा बास्केटबॉलसारखा हा खेळ जगभर पसरला नाही. प्रयत्न मात्र भरपूर झाले. टोकियोत सामने झाले, बीजिंगमध्ये झाले, अगदी मेलबर्नमध्येही झाले. काही ठिकाणी खेळ रुजला, काही ठिकाणी पाहुणे परत गेले आणि मागे रिकामी मैदानं राहिली.

असं का झालं? सविस्तर बघूया.

थोडक्यात मुद्दे

- आईस हॉकीचं मैदान, म्हणजे रिंक, बांधायला आणि चालवायला महाग असते. खरी अडचण इथूनच सुरू होते.
- परदेशात दोन-चार सामने भरवल्याने गर्दी जमते, पण खेळाडू तयार होत नाहीत.
- ऑलिम्पिकसाठी घाईने उभा केलेला संघ ऑलिम्पिक संपलं की अडचणीत येतो.
- जिथे मुलांना रोज बर्फ मिळाला आणि घरचा एखादा हिरो मिळाला, तिथे खेळ टिकला.

आधी खेळ समजून घेऊ

एका वेळी दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू बर्फावर असतात. पाच खेळणारे आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला 'पक' म्हणतात. ती तीन इंच रुंद, एक इंच जाड आणि वजनाने साधारण 170 ग्रॅम असते. सामन्याआधी ती चक्क गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात. खेळाडू दर मिनिटाला किंवा त्याच्याही आधी बदलतात, कारण त्या वेगाने जास्त वेळ पळणं कुणालाच शक्य नसतं.

एनएचएलची स्थापना 1917 मध्ये माँट्रियलला झाली. आज तिच्यात 32 संघ आहेत, त्यातले 25 अमेरिकेत आणि 7 कॅनडात. देशादेशांमधली स्पर्धा बघते ती इंटरनॅशनल आईस हॉकी फेडरेशन. ती 1908 मध्ये पॅरिसला सुरू झाली. भारत 1989 पासून तिचा सदस्य आहे.

म्हणजे सगळ्यात मोठी लीग उत्तर अमेरिकेची, आणि जागतिक संघटना वेगळी. दोघांचं कायम जमतंच असं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एनएचएलला परदेशात जायचंच का आहे?

पहिलं कारण पैसा. कॅनडात या खेळाला आणखी चाहते मिळवायला फारशी जागा उरलेली नाही, तिथे घराघरात हॉकी आहे. अमेरिकेत फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉलशी झुंजावं लागतं. प्रक्षेपणाचे हक्क, जर्सी, जाहिराती यांतून वाढ हवी असेल तर समुद्र ओलांडायलाच हवा.

दुसरं कारण खेळाडू. 1973 मध्ये स्वीडनचा बोर्ये साल्मिंग टोरंटोकडून खेळायला आला, तेव्हा युरोपियन खेळाडू नाजूक असतात असं तिथे उघडपणे बोललं जायचं. तो तिथे सोळा हंगाम टिकला. 1989 पासून सोव्हिएत खेळाडू येऊ लागले. आज एनएचएलमधल्या दर चार खेळाडूंमागे किमान एक उत्तर अमेरिकेबाहेरचा आहे. एप्रिल 2025 मध्ये वेन ग्रेट्झ्कीचा 894 गोलांचा विक्रम मोडणारा अलेक्झांडर ओवेच्किन रशियन आहे.

म्हणजे खेळाडूंच्या बाबतीत लीग कधीच जागतिक झाली. अडलंय ते प्रेक्षकांच्या बाबतीत.

मग अडचण काय आहे?

1. मैदान. क्रिकेटला बॅट आणि मोकळी जागा पुरते. फुटबॉलला तर बॅटही नको. आईस हॉकीला साधारण 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद बर्फ लागतो. बर्फाची जाडी जेमतेम एक ते सव्वा इंच असते, पण तो गोठलेला ठेवण्यासाठी खाली थंड द्रव वाहणाऱ्या नळ्यांचं जाळं आणि चोवीस तास चालणारी यंत्रं लागतात. बर्फ गुळगुळीत करायला वेगळं यंत्र. उष्ण देशात विजेचं बिल आणखी वाढतं.

2. साहित्य. स्केट्स, हेल्मेट, पॅड, हातमोजे, स्टिक. गोलरक्षकाचं साहित्य तर आणखी महाग. मूल वाढतं तसं दर वर्ष-दोन वर्षांनी सगळं नव्याने घ्यावं लागतं.

3. वेळ. हिवाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना स्वीडनमध्ये रात्री एकला, भारतात पहाटे साडेपाचला आणि टोकियोत सकाळी नऊला दिसतो. उद्या शाळा असलेलं दहा वर्षांचं पोर रात्री एकला कसं जागणार? म्हणून एनएचएल शनिवार-रविवारचे काही सामने दुपारी खेळवते, म्हणजे युरोपात ते संध्याकाळी बघता येतात.

4. चकती दिसतच नाही. नवख्या प्रेक्षकाची ही कायमची तक्रार. अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने 1996 मध्ये यावर उपाय काढला. चकतीत इलेक्ट्रॉनिक्स बसवलं आणि टीव्हीवर तिच्याभोवती निळं वलय दिसू लागलं. फटका जोरदार असेल तर मागे लाल शेपूटही उमटायची. नव्या प्रेक्षकांना मदत झाली, पण जुने चाहते वैतागले. 1998 नंतर हा प्रयोग बंद पडला.

पहिला मोठा धडा: कॅलिफोर्निया, 1988

परदेशाचं बोलण्याआधी एक उदाहरण अमेरिकेतलंच बघायला हवं, कारण पुढच्या सगळ्या प्रयत्नांचा साचा इथे तयार झाला.

9 ऑगस्ट 1988. कॅनडातल्या एडमंटन ऑयलर्सने आपला वेन ग्रेट्झ्की लॉस एंजेलिस किंग्जला देऊन टाकला. हा तेव्हाचा जगातला सर्वोत्तम खेळाडू. व्यवहारात इतर खेळाडूंसोबत दीड कोटी डॉलर्सही होते. कॅनडात अक्षरशः सुतक पसरलं.

लॉस एंजेलिसमध्ये मात्र चित्र बदललं. समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरात लोक आईस हॉकीची तिकिटं काढू लागले. 1991 मध्ये सॅन होजेला संघ आला. 1993 मध्ये डिस्नेने अनाहाइमला संघ काढला आणि त्याला आपल्याच 'द मायटी डक्स' या सिनेमाचं नाव दिलं. नव्या रिंक झाल्या, मुलं खेळू लागली.

पुढे ॲरिझोनाच्या वाळवंटातही संघ गेला. तिथे वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज 2016 मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत जगात पहिला निवडला गेला. पण तो संघ पैशांच्या बाबतीत कायम डळमळीत राहिला. 2009 मध्ये दिवाळखोरी झाली. शेवटची दोन वर्षं तर विद्यापीठाच्या पाचेक हजार क्षमतेच्या छोट्या स्टेडियममध्ये खेळावं लागलं. 2024 मध्ये खेळाडू युटाला हलवले गेले.

यातून दोन गोष्टी कळतात. बर्फ न पडणाऱ्या जागीही खेळ रुजू शकतो. आणि खेळ रुजला तरी धंदा चालेलच असं नाही.

परदेशात सामने भरवून काय झालं?

1993 मध्ये गॅरी बेटमन एनएचएलचे प्रमुख झाले. ते बास्केटबॉलच्या एनबीएमधून आले होते. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या 'ड्रीम टीम'ने बास्केटबॉलला जगभर कसं नेलं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आईस हॉकीलाही तसंच काहीतरी हवं होतं.

म्हणून 1998 चं नागानो ऑलिम्पिक निवडलं गेलं. आधी वातावरण तापवायला ऑक्टोबर 1997 मध्ये व्हँकुव्हर आणि अनाहाइमचे हंगामातले पहिले दोन सामने टोकियोत झाले. मग इतिहासात पहिल्यांदा लीग थांबवून एनएचएलचे खेळाडू ऑलिम्पिकला गेले.

झालं काय? अमेरिकेचा संघ उपांत्यपूर्व फेरीत गारद झाला आणि त्यांच्या काही खेळाडूंनी मुक्कामाच्या खोल्यांची मोडतोड केली म्हणून बदनामी वेगळी झाली. कॅनडा उपांत्य फेरीत चेक संघाकडून पेनल्टी शॉट्सवर हरला. त्या शॉट्ससाठी ग्रेट्झ्कीला पाठवलंच नाही, तो बाकावर बसून राहिला. चेक गोलरक्षक डॉमिनिक हाशेक हिरो ठरला आणि सुवर्ण चेक प्रजासत्ताकाने नेलं. अमेरिकेत हे सामने अपरात्री दिसले. जपानमध्ये 1998 आणि 2000 मध्ये आणखी सामने झाले, मग तो सिलसिला थांबला.

युरोपात गोष्ट वेगळी होती. स्वीडन, फिनलंड, चेक प्रजासत्ताक इथे खेळ आधीपासून मुरलेला. 2017 पासून 'ग्लोबल सिरीज' नावाने स्टॉकहोम, हेलसिंकी, प्राग, टाम्पेरे इथे हंगामातले खरे सामने होऊ लागले. तिथल्या प्रेक्षकाला खेळ शिकवावा लागत नाही, फक्त आपल्या गावचा पोरगा एनएचएलच्या जर्सीत दाखवावा लागतो. सप्टेंबर 2023 मध्ये मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरेनात, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनच्या टेनिस कोर्टावर बर्फ घालून, दोन सराव सामने झाले.

ऑलिम्पिकचा शॉर्टकट: कोरिया आणि चीन

दक्षिण कोरियाला 2018 चं हिवाळी ऑलिम्पिक मिळालं. यजमान म्हणून प्रवेश मिळणार होता, पण दुबळा संघ उतरवला तर हसू होणार. मग जिम पेक यांना प्रशिक्षक नेमलं. सोलमध्ये जन्मलेले आणि कॅनडात वाढलेले पेक यांनी 1991 आणि 1992 मध्ये पिट्सबर्गकडून स्टॅनली कप जिंकला होता. सोबत सात परदेशी खेळाडूंना कोरियाचं नागरिकत्व देऊन संघात घेतलं.

संघ खरंच सुधारला. 2017 मध्ये कोरिया पहिल्यांदा जागतिक स्पर्धेच्या सर्वोच्च गटात पोहोचला. पण ऑलिम्पिकमध्ये चारही सामने हरला आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेतही सगळे सामने हरून खालच्या गटात परतला. त्यात एनएचएलने त्या ऑलिम्पिकला खेळाडू पाठवलेच नाहीत. हंगाम दोन आठवड्यांहून जास्त थांबवा, दुखापतीची जोखीम घ्या, आणि विम्याचा-प्रवासाचा खर्च कोण देणार यावरही वाद. म्हणजे नव्या बाजारात जाण्याची संधी समोर असताना लीग घरी थांबली. पुढे कोरियातल्या व्यावसायिक क्लबांची संख्याही घटली.

चीनची उडी आणखी मोठी होती. 2015 मध्ये बीजिंगला 2022 चं ऑलिम्पिक मिळालं. सरकारने 30 कोटी लोकांना बर्फावरच्या खेळांशी जोडण्याचं लक्ष्य ठेवलं. बीजिंगमध्ये मुलांचे क्लब झपाट्याने वाढले. 2016 मध्ये कुनलून रेड स्टार हा संघ रशियाच्या कॉन्टिनेंटल हॉकी लीगमध्ये दाखल झाला. एनएचएलने 2017 मध्ये शांघाय आणि बीजिंगला, 2018 मध्ये शेंझेन आणि बीजिंगला सराव सामने खेळवले.

2022 उजाडलं तेव्हा कोरोनामुळे एनएचएलचे खेळाडू आलेच नाहीत. चीनच्या पुरुष संघात अर्ध्याहून जास्त खेळाडू कॅनडा-अमेरिकेत वाढलेले होते. अमेरिकेकडून 8-0, जर्मनीकडून 3-2, कॅनडाकडून आधी 5-0 आणि मग 7-2 अशी हार झाली. जर्मनीला झुंजवलं हे कौतुकाचं, पण हे खेळाडू बीजिंगच्या क्लबांमधून वर आलेले नव्हते. कोरोनाच्या काळात कुनलूनचा संघ घरचे सामनेही मॉस्कोजवळ खेळत होता. चिनी मुलांनी आपला संघ बघायचा कुठे?

रशियन लीगचाही अनुभव असाच. 2008 मध्ये सुरू झालेल्या या लीगने प्राग, ब्रातिस्लाव्हा, झाग्रेब, हेलसिंकी, रिगा इथले संघ जोडले. एकेक करून सगळे बाहेर पडले. हेलसिंकी आणि रिगाचे शेवटचे धागे 2022 च्या युक्रेन युद्धाने तुटले.

मग खेळ टिकला कुठे?

स्लोव्हेनिया. लोकसंख्या जेमतेम वीस लाख, रिंक बोटांवर मोजण्याइतक्या. पण येसेनित्से या पोलाद कारखान्याच्या गावात पिढ्यानपिढ्या हॉकी खेळली जाते. तिथला आंझे कोपितार लॉस एंजेलिस किंग्जला गेला आणि 2012, 2014 असे दोन स्टॅनली कप जिंकला. 2014 च्या सोची ऑलिम्पिकमध्ये स्लोव्हेनिया पहिल्यांदाच उतरला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. प्रशिक्षक होते कोपितारचे वडील. कुणाला नागरिकत्व द्यावं लागलं नाही, गावची रिंक कामाला आली.

बेलफास्ट. उत्तर आयर्लंडमध्ये कुणी कोणत्या फुटबॉल क्लबचा चाहता आहे यावरून तो कॅथलिक की प्रोटेस्टंट हे ओळखता यायचं. 1998 च्या शांतता करारानंतर दोनच वर्षांनी, 2000 मध्ये बेलफास्ट जायंट्स हा आईस हॉकी संघ सुरू झाला. या खेळाला तिथे काही इतिहासच नव्हता, म्हणून तो कोणत्याच बाजूचा नव्हता. 'जायंट्सच्या भूमीत सगळे समान' हे त्यांचं ब्रीद. घरच्यांना सोबत घेऊन बिनधास्त जाता येईल अशी जागा शहराला हवी होती, ती मिळाली. संघ आजही जोरात आहे.

फिलिपिन्स. इथे बर्फ पडण्याचा प्रश्नच नाही. पण मनिलातल्या मोठ्या मॉलमध्ये 1990 च्या दशकापासून स्केटिंगच्या रिंक आहेत. खरेदीला आलेली मुलं स्केटिंग शिकली, त्यातून हॉकी आली. 2017 च्या दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धेत आईस हॉकीचा पहिल्यांदाच समावेश झाला आणि सुवर्ण फिलिपिन्सने जिंकलं.

कॅनडातले पंजाबी. हे परदेशातलं नाही, पण नव्या प्रेक्षकाला कसं जोडायचं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे. 2008 पासून 'हॉकी नाइट इन कॅनडा' पंजाबीतही होऊ लागलं. समालोचक हरनारायण सिंग यांनी चकतीला नाव दिलं 'टिक्की', तीच आपली आलू टिक्कीवाली. जोरदार स्लॅप शॉट झाला 'चपेड' शॉट. आजीला इंग्रजी येत नसलं तरी नातवासोबत सामना समजू लागला. 2016 च्या अंतिम फेरीत निक बोनिनोच्या गोलवर त्यांनी लावलेला 'बोनिनो, बोनिनो'चा धोशा इतका गाजला की पिट्सबर्गच्या विजयसोहळ्यात या पंजाबी चमूला बोलावलं गेलं.

आणि भारत?

आपल्याकडे हा खेळ मुख्यतः लडाखचा. लेहमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. लष्कराच्या जवानांनी तिथे हा खेळ रुळवला. सुरुवातीला बुटांना लोखंडी पाती ठोकून स्केट्स केले जायचे. साडेतीन हजार मीटर उंची, विरळ हवा आणि नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने. थंडी उशिरा पडली की तेवढाच हंगाम लहान होतो.

यातून भारताचा महिला संघ उभा राहिला. 2016 मध्ये पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाण्यासाठी लोकवर्गणी काढावी लागली. 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सवर 4-3 असा पहिला विजय मिळाला. 2018 मध्ये कॅनडाची दिग्गज हेली विकनहायझर लडाखला येऊन मुलींना शिकवून गेली. 2025 मध्ये अल ऐनच्या आशिया कपमध्ये याच संघाने कांस्यपदक आणलं.

उरलेल्या भारतात अडतं ते रिंकपाशी. देहरादूनला 2011 मध्ये पूर्ण मापाची रिंक झाली, मग ती अनेक वर्षं बंद पडून राहिली आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. पुण्या-मुंबईत चाकांचे स्केट्स घालून सोसायटीच्या आवारात फिरणारी मुलं भरपूर आहेत. स्केटिंगचा तोल त्यांच्या पायात आहे, बर्फ तेवढा नाही.

थोडक्यात सांगायचं तर

आता एनएचएलने ऑलिम्पिकशी जुळवून घेतलंय. 2026 आणि 2030 साठी खेळाडू पाठवण्याचा करार 2024 मध्ये जाहीर झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये कॅनडा, अमेरिका, स्वीडन आणि फिनलंड यांच्यात झालेल्या स्पर्धेने दाखवून दिलं की देशाची जर्सी अंगावर आली की हॉकी न बघणारेही टीव्हीपुढे बसतात.

पण वरची सगळी उदाहरणं एकत्र ठेवून बघा. मोठ्या सामन्यांनी उत्सुकता तयार होते, आणि ती साधारण महिनाभर टिकते. त्या महिन्यात एखाद्या मुलीने बाबांना विचारलं, 'मला पण शिकायचंय, कुठे जाऊ?' तर उत्तर देता यायला हवं. येसेनित्सेत ते उत्तर होतं, मनिलाच्या मॉलमध्ये होतं. लेहमध्ये ते वर्षातले दोन महिने आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी पाहुणे संघ विमानात बसले आणि ते उत्तरही त्यांच्यासोबत गेलं.